डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय : इंग्लंडमध्ये बोलण्यातून होणारे मोफत उपचार कसे मिळतात

इंग्लंडमध्ये राहणारी आणि जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातील सरकारी आरोग्यसेवेच्या दवाखान्यात, नाव नोंदवलेली कोणतीही प्रौढ व्यक्ती चिंता, नैराश्य किंवा ताण यांवर बोलण्यातून होणाऱ्या उपचारांसाठी स्वतःहून अर्ज करू शकते. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आपण ‘खरोखरच आजारी’ आहोत हे आधी कोणाला पटवून द्यावे लागत नाही, आणि औषधांच्या चिठ्ठीला असते तसे शुल्कही या उपचारांना नाही. या सेवेचे नाव एनएचएस टॉकिंग थेरपीज; एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा. इथल्या मराठी घरांत मुलांच्या लसी, शाळांचे प्रवेश, दातांचे डॉक्टर यांविषयी एकमेकांना हक्काने विचारले जाते. या सेवेविषयी मात्र सहसा कोणी विचारत नाही आणि म्हणून कोणी सांगतही नाही. तिची वाट नीट माहीत असावी, एवढ्यासाठी हा लेख आहे.

ही सेवा २००८ साली सुरू झाली, तेव्हा तिचे नाव आयॅप्ट असे होते. सध्याचे नाव जानेवारी २०२३ मध्ये आले, त्यामुळे जुन्या पत्रांत किंवा जुन्या माणसांच्या बोलण्यात पहिले नाव आले तर ती सेवा हीच. तिच्यामागे दोन माणसांचा मोठा वाटा आहे : अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयर्ड आणि मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क. लेयर्ड यांचे म्हणणे असे होते की नैराश्य आणि चिंता यांमुळे जेवढी माणसे कामाबाहेर फेकली जातात, तेवढ्यांवर वेळीच उपचार केले तर त्या उपचारांचा खर्च आपोआप भरून निघेल. २००६ मध्ये डॉनकास्टर आणि पूर्व लंडनमधील न्यूअम या दोन ठिकाणी प्रयोग झाला. न्यूअममध्ये आशियाई आणि आफ्रिकी वंशाची वस्ती मोठी आहे, आणि तिथे लोकांना डॉक्टरांना वळसा घालून थेट येण्याची मुभा देऊन पाहण्यात आली. थेट आलेल्या लोकांचा त्रास डॉक्टरांनी पाठवलेल्या लोकांपेक्षा कमी नव्हता. उलट तो अनेकदा अधिक जुना होता, आणि त्यांच्यातील निरनिराळ्या वंशांच्या लोकांचे प्रमाण त्या वस्तीतील प्रमाणाशी अधिक जुळणारे होते. म्हणजे डॉक्टरांसमोर आपले दुखणे न बोलणारी माणसे, दार थेट उघडल्यावर आत आली. आज स्वतःहून अर्ज करता येतो त्याच्या मुळाशी हा अनुभव आहे, आणि आपल्यासारख्या परदेशातून आलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने या सेवेतील सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे असे मला वाटते.

व्हिसावर आलेल्यांच्या मनात पहिला प्रश्न असतो तो पैशांचा आणि हक्काचा. कामाच्या किंवा अवलंबिताच्या बहुतेक व्हिसांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १,०३५ पाउंड आणि विद्यार्थ्यांना ७७६ पाउंड एवढा आरोग्य अधिभार अर्जाबरोबरच भरावा लागतो. म्हणजे या सेवेसाठी आपण आधीच पैसे मोजलेले असतात आणि ती वापरण्यात संकोचाचे काही कारण नाही. जीपीकडे नाव नोंदवणे मोफत आहे आणि नियमाप्रमाणे त्यासाठी ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा देणे सक्तीचे नाही. ही सेवा प्रौढांसाठी आहे, तरी काही भागांत १६ वर्षांपासून प्रवेश मिळतो. त्याहून लहान मुलांसाठी वेगळी व्यवस्था आहे. आणि हे सगळे फक्त इंग्लंडपुरते खरे आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांची आरोग्यसेवा स्वतंत्र असल्याने तिथल्या वाटा वेगळ्या आहेत.

अर्जाची रीत सोपी आहे. एनएचएसच्या संकेतस्थळावर ‘टॉकिंग थेरपीज’ शोधले की आपल्या दवाखान्याचे नाव किंवा पोस्टकोड विचारला जातो आणि आपल्या भागातील सेवेचे पान उघडते. प्रत्येक भागातील सेवेचे नाव थोडे वेगळे असू शकते, त्यामुळे अनोळखी नाव दिसल्यास गोंधळून जाऊ नये. अर्जात नाव, जन्मतारीख, दवाखान्याचे नाव, फोन आणि त्रासाविषयी दोनचार ओळी एवढेच बहुधा लागते. फॉर्म भरणे अवघड वाटत असेल तर त्या सेवेला फोन करता येतो किंवा जीपीला पाठवायला सांगता येते, निकाल एकच. घरात फोनवर मोकळेपणाने बोलता येत नसेल तर फोन कधी करावा, निरोप ठेवावा की नाही, पत्र घरी पाठवावे की नाही, हे अर्जातच लिहून द्यावे. एकत्र राहणाऱ्या कुटुंबात ही बाब क्षुल्लक नसते.

यानंतर येतो तो पहिला संवाद, आणि इथे जरा थांबायला हवे, कारण आपली माणसे बहुतेक वेळा इथेच अडखळतात. हा साधारण अर्धा ते पाऊण तासाचा फोन असतो. काय होते, कधीपासून होते, त्याने कामावर, झोपेवर, घरातल्या नात्यांवर काय परिणाम झाला, आधी काही उपचार घेतले होते का, दारू किंवा अन्य व्यसन आहे का, असे प्रश्न विचारले जातात. त्याबरोबर दोन प्रश्नावल्या असतात. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत नैराश्याविषयी नऊ प्रश्न आहेत आणि जीएडी-७ मध्ये चिंतेविषयी सात. दोन्हींत मागच्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला एवढेच विचारतात आणि ‘अजिबात नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत शून्य ते तीन गुण देतात. पहिलीची बेरीज २७ पर्यंत आणि दुसरीची २१ पर्यंत जाते. पहिलीत १० किंवा दुसरीत ८ गुण झाले की उपचार लागण्याइतका त्रास आहे असे ही सेवा सर्वसाधारणपणे धरते. ही परीक्षा नव्हे, आणि हे गुण म्हणजे निदानही नव्हे. पुढे दर भेटीच्या वेळी त्याच प्रश्नावल्या पुन्हा भरायच्या असतात आणि त्यांवरून उपचार लागू पडतो आहे की नाही हे उपचारक आणि आपण दोघेही पाहत असतो.

अडचण अशी की आपल्याला ‘कसे आहात’ या प्रश्नाला ‘ठीक आहे’ म्हणण्याची सवय आहे. शिवाय मराठीत दुःख बऱ्याचदा शरीराच्या भाषेत बोलते. कोणी ‘मी उदास आहे’ असे म्हणत नाही. कशातच राम वाटत नाही म्हणतात, जीव कासावीस होतो म्हणतात, पोटात गोळा येतो, डोके जड होते, पित्त उठते, नाहीतर नुसतेच ‘टेन्शन आहे’. इंग्रजी प्रश्नावलीत विचारलेली ‘रस न वाटणे’ किंवा ‘खचल्यासारखे वाटणे’ ही वाक्ये या अनुभवांना धरूनच आहेत, पण ऐनवेळी हा सांधा जुळत नाही आणि मग माणूस सगळ्याला ‘कधीतरी होते’ असे उत्तर देतो. यावर सोपा उपाय असा की फोनच्या आधी आठवडाभर एका कागदावर मराठीतच नोंद ठेवावी : किती रात्री झोप मोडली, किती दिवस जेवण गेले नाही, कुठल्या गोष्टी करणे सोडून दिले, ऑफिसला किती वेळा दांडी मारली. ‘पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही, असे आठवड्यातून पाच दिवस होते’ हे एक वाक्य ‘थोडे टेन्शन आहे’ या वाक्यापेक्षा उपचारकाला कितीतरी अधिक सांगते. त्रास कमी करून सांगण्यात सभ्यता नाही. त्यामुळे फक्त चुकीचा उपचार पदरात पडण्याचा धोका वाढतो.

नैराश्याच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे आणि तो ऐकून अनेकजण दचकतात. तो सर्वांना विचारला जातो. असा विचार मनात येतो असे सांगितले म्हणून लगेच कोणी रुग्णालयात नेत नाही. तो विचार नुसता येऊन जातो की त्यामागे काही बेत आहे, आणि आपल्याला आत्ता सुरक्षित ठेवण्यासाठी काय करता येईल, एवढे पुढे विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर खरे द्यावे, अशी मी कळकळीने विनंती करतो.

इंग्रजीत नोकरी करता येत असली तरी इंग्रजीत रडता येत नाही, हे अनेकांना ठाऊक असेल. भाषेची अडचण असल्यास दुभाषा मागता येतो आणि त्याचा खर्च आरोग्यसेवा करते. अर्जातच ‘मराठी दुभाषा हवा’ असे स्पष्ट लिहावे, नाहीतर भारतीय नाव पाहून हिंदी दुभाषाची सोय होण्याची शक्यता असते. हिंदी चालत असेल तर तसे सांगावे. चालत नसेल तर नाही म्हणण्यात गैर काही नाही. पती, सासूबाई किंवा शाळेतला मुलगा यांना दुभाषा म्हणून बसवू नये, आणि सेवेनेही तशी अपेक्षा करू नये, कारण ज्यांच्याविषयी बोलायचे आहे तेच मध्ये बसले तर बोलणे होणार कसे? आपला मराठी समाज इथे लहान आहे आणि दुभाषा ओळखीचाच निघेल ही भीती अनाठायी नाही. म्हणून दूरच्या गावातील दुभाषा फोनवरून द्यावा, किंवा स्त्री दुभाषा द्यावी, अशी विनंती करता येते. दुभाष्यालाही गुप्ततेचे बंधन असते.

त्रास किती आहे यावरून उपचाराची पायरी ठरते. सौम्य ते मध्यम त्रासात बहुधा मार्गदर्शनासह स्वयंसाहाय्य देतात : एक प्रशिक्षित उपचारक साधारण सहा ते आठ वेळा, दर वेळी अर्ध्या तासाच्या आसपास, फोनवर, व्हिडिओवर किंवा समोरासमोर बोलतो, आणि मधल्या दिवसांत आपण पुस्तिकेतून किंवा संगणकावरील कार्यक्रमातून अभ्यास करायचा असतो. त्रास अधिक असेल, किंवा पहिल्या पायरीने भागले नाही, तर अधिक सखोल उपचार मिळतात. त्यात सीबीटी म्हणजे विचार आणि वागणूक या दोन्हींवर काम करणारी पद्धत सर्वांत प्रचलित आहे. तिच्या साधारण ६ ते २० भेटी होतात. नैराश्यासाठी समुपदेशन, नातेसंबंधांवर भर देणारी पद्धत आणि जोडप्यांसाठीचे उपचारही असतात. अपघात, हिंसा किंवा तशाच आघातानंतर येणाऱ्या त्रासासाठी ईएमडीआर ही डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी पद्धत असते. कोणत्या त्रासाला कोणता उपचार द्यावा हे नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ठरते.

सीबीटीत नेमके काय करतात, हे उदाहरणाशिवाय कळत नाही. समजा, एका गृहस्थांना लंडनच्या भुयारी रेल्वेत एकदा एकाएकी छातीत धडधडले, हातपाय गार पडले आणि हा हृदयविकाराचा झटका आहे असे वाटून ते पुढच्याच स्थानकावर उतरले. उतरताच बरे वाटले. तपासणीत हृदय उत्तम निघाले, पण त्या दिवसापासून ते दीड तास खर्चून बसने जातात. उपचारक त्यांच्यासमोर कागदावर एक वर्तुळ काढतो : धडधड होते, ‘आता मी मरणार’ असा विचार येतो, त्या विचाराने भीती वाढते, भीतीने धडधड आणखी वाढते. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेले हेच ते स्पष्टीकरण. उतरून गेल्यामुळे मिळालेला दिलासा हा इथे खरा अडसर आहे, कारण उतरलो नसतो तरी काही झाले नसते, हे पडताळून पाहायची संधीच त्या गृहस्थांना मिळत नाही. मग उपचारकाच्या खोलीतच जागच्या जागी धावून किंवा जोरजोरात श्वास घेऊन मुद्दाम धडधड आणतात आणि ती आपोआप ओसरते हे अनुभवतात. मग एक स्थानक, मग दोन, मग गर्दीची वेळ. ‘घाबरू नका’ हा उपदेश त्यात कुठेही नाही. आपल्याकडे वडीलधारी माणसे प्रेमाने ‘मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणतात, आणि त्या प्रेमाविषयी मला आदर आहे, पण मन सांगून ऐकत नाही. त्याला अनुभव द्यावा लागतो, आणि या पद्धतीचे बळ त्यातच आहे.

नैराश्यात वर्तुळ वेगळे असते. अवलंबिताच्या व्हिसावर आलेली एखादी ताई मुलाला शाळेत सोडून परत आली की पडदे न उघडता पलंगावर पडून राहते. आधी फिरायला जाणे सुटते, मग मैत्रिणींचे फोन घेणे, मग स्वतःपुरता साधा वरणभात लावणेही. आईचा फोन आला की ‘मजेत आहे’ म्हणते. काही केले नाही म्हणून बरे वाटत नाही, आणि बरे वाटत नाही म्हणून काही होत नाही. इथे उत्साह येण्याची वाट न पाहता आधी कृती ठरवतात, तीही अगदी छोटी : मंगळवारी अकरा वाजता दहा मिनिटे बागेपर्यंत. आठवड्याच्या तक्त्यात ती नोंदवतात, करून झाल्यावर कसे वाटले तेही लिहितात, आणि पुढच्या वेळी त्यावर बोलतात. सतत काळजी करणाऱ्यांना काळज्यांचे दोन ढीग करायला शिकवतात. साताऱ्यातल्या वडिलांची रक्तदाबाची गोळी संपत आली आहे ही हातातली काळजी, तिच्यावर आजच उपाय आहे. रात्री-अपरात्री फोन वाजला तर काय, ही हाताबाहेरची, आणि तिला दिवसातली एक ठरावीक वेळ नेमून देऊन उरलेला दिवस मोकळा ठेवण्याचा सराव करावा लागतो. हा गृहपाठ टाळला तर भेटींचा उपयोग फार थोडा राहतो, हे आधीच सांगितलेले बरे.

मधुमेह, हृदयविकार किंवा जुनाट दुखणे यांच्याबरोबर आलेल्या नैराश्यासाठीही ही सेवा आहे. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना अनेक ठिकाणी लवकर वेळ देतात, म्हणून अर्जात तसे जरूर लिहावे. नोकरी टिकवण्याच्या किंवा शोधण्याच्या अडचणींत मदत करणारे सल्लागारही या सेवांमध्ये असतात. गोळ्या चालू असल्या तरी हे उपचार घेता येतात. गोळ्या देणे किंवा थांबवणे हे काम जीपींचे आहे, बोलण्याचा उपचार सुरू झाला म्हणून कोणी मनाने औषध सोडू नये.

प्रतीक्षा किती करावी लागते? ठरवलेले उद्दिष्ट असे आहे की अर्ज करणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांचे उपचार सहा आठवड्यांत आणि ९५ टक्क्यांचे १८ आठवड्यांत सुरू व्हावेत. मात्र यात एक मेख आहे : हे दिवस पहिल्या भेटीपर्यंत मोजले जातात, आणि पहिल्या व दुसऱ्या भेटीत मोठा खंड पडू शकतो, विशेषतः सखोल उपचारांसाठी. म्हणून पहिल्या संवादाच्या शेवटी ‘पुढची भेट साधारण कधी’ हे विचारून ठेवावे, मध्येच त्रास वाढला तर फोन करून तसे कळवावे, आणि ठरलेल्या वेळी जाता येणार नसेल तर आधी सांगावे. न कळवता गैरहजर राहिल्यास अनेक सेवा नाव कमी करतात. उपचारकाशी सूर जुळला नाही तर दुसरा मागता येतो. उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी निदान निम्मे बरे व्हावेत असे या सेवेचे उद्दिष्ट आहे. म्हणजे एका फेरीत गुण आला नाही तर तो आपला दोष मानू नये.

गुप्ततेविषयी स्पष्ट असावे. आपण काय बोललो हे कुटुंबाला किंवा कंपनीला कळवले जात नाही. उपचार सुरू असल्याचे आणि संपल्याचे पत्र सहसा जीपीकडे जाते. कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा मुलाला इजा होत असेल तरच गुप्ततेची मर्यादा ओलांडली जाते, आणि हा नियम पहिल्याच भेटीत समजावून सांगतात.

ही सेवा तातडीची नाही. जीव नकोसा झाला असेल, स्वतःला काही करून घेण्याचा बेत मनात असेल, तर अर्जाची वाट पाहत बसू नये : १११ ला फोन करून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडावा, जीव धोक्यात असेल तर ९९९, नुसते कोणीतरी ऐकावे असे वाटत असेल तर समॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ हा क्रमांक अहोरात्र आणि मोफत आहे. भास होणे, टोकाचा उत्साह आणि टोकाची निराशा यांचे झोके बसणे, खाण्याचे गंभीर विकार, यांसाठी वेगळी विशेष पथके असतात आणि तिथे सहसा जीपींमार्फत जावे लागते; अर्ज इथे केला तरी पहिल्या संवादातून योग्य जागी पाठवले जाते. आणि महाराष्ट्रातल्या आईवडिलांसाठी अशीच सोय शोधत असाल, तर भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली-मानस या मोफत सेवेचा क्रमांक १४४१६ आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

शेवटच्या भेटीत उपचारक आपल्याबरोबर बसून एक कागद तयार करतो : त्रास परत डोके वर काढू लागला तर त्याच्या पहिल्या खुणा कोणत्या, आणि तेव्हा आपण काय करायचे. तो कागद जपून ठेवावा. त्यानेही भागले नाही तर त्याच संकेतस्थळावर जाऊन पुन्हा अर्ज करता येतो.